चावला तो बूट नव्हता

क्लच मास्तरांना राग यायला कारण लागत नसे. आणि कारण मिळालंच, तर मग विचारायलाच नको. गाडी शिकायला आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी क्लच झटकन सोडला, गाडीने आचका देऊन जीव सोडला, की मास्तर दोन्ही हात डोक्यावर ठेवून म्हणत, "अहो, क्लच आहे तो, निखारा नाही. पाय एवढ्या घाईने काय उचलता?" समोरचा बँकेचा मॅनेजर असो नाहीतर नवी सून, सगळ्यांना एकच माप. तरी लोक त्यांच्याकडेच शिकायला यायचे, कारण मास्तरांकडे शिकलेला माणूस चढावर गाडी मागे जाऊ देत नाही, अशी ख्याती होती. बस स्टँडच्या मागे त्यांची एक खोली होती. तिच्यात एक टेबल, रस्त्यावरच्या खुणांचा एक तक्ता, भिंतीला टेकवलेला एक जुना टायर आणि बाहेर दुहेरी पेडलची एक गाडी. मास्तरांच्या बाजूच्या क्लचवरचं रबर फक्त मधोमध झिजलेलं होतं. पुढची कड अगदी नवीकोरी.

त्याचं कारण असं, की मास्तरांच्या डाव्या पायाला बोटं नव्हती. पाचातलं एकही नाही. रोज सकाळी त्यांची बायको कापसाचा बोळा करून त्यांच्या डाव्या बुटाच्या टोकात बसवायची. हे काम ती त्यांना करू द्यायची नाही. ते घाईघाईत कोंबायचे, आणि संध्याकाळी कातडी सोलून घरी यायचे.

पाय कशाने गेला, असं कोणी विचारलं की मास्तर म्हणायचे, "सैन्यात होतो." पुढे बोलायचे नाहीत. पण त्यांच्या बायकोचा थोरला भाऊ म्हणून एक गृहस्थ होता, त्याला गप्प बसणं माहीतच नव्हतं. चार पाहुणे जमले की हा घसा खाकरायचा. "लोक सीमेवरून गोळी खाऊन येतात. आमच्या जावईबुवांना बूट चावला." हशा व्हायचा. मग तो पुढचं वाक्य सोडायचा, "बूट पण कसला, पाचही बोटं खाऊन ढेकर दिला." पुन्हा हशा. चाळीस वर्षं हेच. हसणारे बदलले, विनोद बदलला नाही.

आणि पंचाईत अशी, की मेहुणा खोटं बोलत नव्हता. मास्तरांना सैन्यातून घरी पाठवलं तेव्हाच्या कागदावर कारण म्हणून स्पष्ट लिहिलेलं होतं: बूट चावल्याने जखम, ती चिघळल्याने डाव्या पायाची बोटे काढली. सरकारी शिक्क्यासकट. मास्तर कोणाशी आणि काय भांडणार?

एके दिवशी पेपरात बातमी आली. बर्फातल्या चौक्यांवर ज्या जवानांचे हातपाय थंडीने गेले, त्यांनाही यापुढे जखमीचं पदक मिळणार होतं. गोळी लागलेल्याला मिळतं तेच, त्याच फितीचं. जुन्या माणसांनीही अर्ज करावेत, असं खाली छापलं होतं. मास्तरांनी ती बातमी उभ्याने वाचली, मग बसून वाचली. त्या दिवशी नेमका मेहुणा घरात होता. त्याने पेपर ओढून घेतला. "हिमदंश," त्याने मोठ्याने वाचलं. "हे काय असतं? साप चावतो तसं?"

"दंश म्हणजे चावाच," मास्तर म्हणाले.

"मग अर्ज करा की. बूट चावलेल्यांना पण देतात का बघा."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय इतरांपेक्षा आखूड असल्यामुळे ती जरा लवकरच पोचली. ते म्हणाले, "देतात. आणि मी आणून दाखवतो. त्या दिवशी तुम्ही जेवायला या, आणि तो विनोद शेवटचा सांगा."

मेहुणा हसला. बायको हसली नाही. काय ते खरं फक्त तिला माहीत होतं.

खरं असं होतं. मास्तर तेव्हा विशी ओलांडलेले जवान होते. उंचावरच्या एका चौकीवर त्यांची आठ जणांची तुकडी आणि वर एक हवालदार. हा हवालदार म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. रोज संध्याकाळी तो सगळ्यांना ओळीने बसवायचा, बूट-मोजे काढायला लावायचा, आणि एकेकाचा पाय हातात घेऊन बोटं दाबून बघायचा. कारण सैन्यात तेव्हा नियमच तसा होता. थंडीने जवानाचा पाय गेला तर तो हलगर्जीपणा, आणि तुकडीतला हलगर्जीपणा म्हणजे तुकडीच्या प्रमुखाचा. बाहीवरची फीत उतरायची, वर शिक्षा.

मग एकदा तुकडी चौकीपासून लांब असताना वादळ आलं. तंबू फाटून उडून गेला. बर्फात खड्डा करून सगळे एकमेकांना बिलगून बसून राहिले. बूट ओले, मोजे ओले. संध्याकाळ झाली, पाय बघायची वेळ झाली, आणि हवालदार म्हणाला, "आज कोणी बूट काढायचा नाही. काढलेला बूट पुन्हा पायात जाणार नाही, आणि बुटाशिवाय खाली पोचता येणार नाही. जो काढेल त्याची माझ्याशी गाठ आहे." वादळ थांबेपर्यंत त्याने हाच धोशा लावला. कोणी लेसला हात लावला की तो त्या हातावर फटका मारायचा.

तुकडीतल्या वायरलेसवाल्याला कळ सहन झाली नाही. त्याने पांघरुणाखाली गुपचूप बूट काढले. सकाळी ते लाकडासारखे कडक झाले होते आणि पाय सुजून दुप्पट. त्याला पांघरुणावर घालून ओढत न्यावं लागलं. खाली पोचेपर्यंत तो गेलेला होता. बाकीचे सात जण स्वतःच्या पायांनी चालत उतरले. पायांत काही जाणवत नव्हतं, पण बूट होते म्हणून पाय पडत होते.

खाली डॉक्टरच्या तंबूबाहेर रांग लागली. रांगेत पहिले आपले मास्तर. डॉक्टरने मोजा कापला, काळी पडलेली बोटं बघितली आणि विचारलं, "काय झालं?" मास्तरांनी मागे नजर टाकली. हवालदार दाराशी उभा होता. त्याने कोणाला काही सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हता. तो शिक्षा घ्यायलाच उभा होता. त्याच्या बाहीवर ती फीत. मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "बूट चावला."

दुसरा पुढे आला. "काय झालं?" "बूट चावला." तिसरा. "बूट चावला." सातही जण तेच. शेवटी डॉक्टर म्हणाला, "तुमच्या तुकडीला बूट दिलेत की कुत्री?" पण त्याने तसंच लिहिलं. डॉक्टर काही आंधळा नव्हता. पाय कशाने गेलेत हे त्याला पक्कं कळलं होतं, आणि कोणासाठी हे बोलतायत तेही.

तर हा असा तो बूट. आणि त्याच्यावरून चाळीस वर्षं मेहुण्याचं हसणं.

मास्तरांनी अर्ज केला. उत्तर आलं की नोंद आणि दावा जुळत नाही, तरी प्रत्यक्ष जागेवर हजर असलेल्या माणसाची साक्ष आणावी, आणि अमुक दिवशी समितीपुढे उभं राहावं. सातांपैकी आता मास्तर सोडले तर कोणी राहिलं नव्हतं. राहिला होता एकटा हवालदार. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलाच्या घरी.

मास्तर तिसऱ्या मजल्यावर जिना चढून गेले. सुनेने दार उघडलं. आत हवालदार सदऱ्याला इस्त्री करत उभा होता. घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना तोच इस्त्री करायचा, दुसऱ्याने केलेली त्याला पटायची नाही. त्याने मान वर न करता म्हटलं, "आलास? बूट बाहेरच काढ. फरशी आत्ता पुसलीय."

"आत्ता सांगताय होय काढायला," मास्तर म्हणाले.

सून बिचारी दोघांकडे बघत राहिली. हवालदाराच्या मिशीच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण तेवढंच. मास्तरांनी बूट काढले, आत येऊन बसले आणि सगळं सांगितलं. "जास्त काही नको. पाय थंडीने गेला, मी तिथे होतो, एवढं लिहून सही करा."

हवालदाराने कॉलर उलटी केली आणि तिच्यावरून इस्त्री फिरवली. "मग पुढचा प्रश्न काय येईल? थंडीने गेला, तर बूट का नाही काढले. बूट काढले नाहीत, तर हवालदार काय करत होता."

"तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. नाहीतर सगळे तिथेच राहिलो असतो."

"ते तुला माहीत आणि मला माहीत. नियमाला कुठे माहीत आहे?"

"म्हणून मी तोंड शिवून बसू? लोक मला हसतात. माझ्या घरात बसून हसतात."

हवालदाराने इस्त्री उभी ठेवली. "एक सांग. बूट चावला म्हण, असं मी तुला सांगितलं होतं?"

"नाही."

"मला विचारलं होतंस?"

"रांगेत उभा होतो. विचारायला वेळ कुठे होता?"

"मग? तू बोलून बसलास, बाकीच्यांनी तुझी री ओढली. मी दाराशी उभा होतो ते सांगून मोकळं व्हायला. तुझ्या त्या एका वाक्याने माझं तोंड बंद झालं. मी बोललो असतो तर तुम्ही सात जण खोटे ठरला असता. ती फीत नोकरीभर बाहीवर मिरवली, पण एक दिवस ती मला माझी वाटली नाही. तुझी वाटली. मोठेपणा तू केलास, लेका, आणि ओझं माझ्या डोक्यावर ठेवलंस. आता म्हणतोस सही करा."

खरं सांगायचं तर मास्तर एवढी वर्षं एका शब्दाची वाट बघत होते. बरं केलंस, असं हवालदार कधीतरी म्हणेल, असं त्यांना वाटायचं. जिना चढतानाही वाटत होतं. त्याऐवजी हे. त्यांना इतकं लागलं, की रडू येईल या भीतीने ते ओरडले.

"ठीक आहे. नका करू सही. पण येत्या सोमवारी समितीपुढे मी उभा राहणार. तिथे मला विचारतील, आणि मग माझ्या तोंडून काय निघेल ते निघेल. माझ्या नावाने मग बोटं मोडू नका."

"सोमवारी ना? जा," हवालदार म्हणाला, आणि त्याने दुसरा सदरा घेतला.

मास्तरांनी जिन्यातच बुटात पाय खुपसले. कापसाचा बोळा सुनेच्या दाराशी पडून राहिला. घरी येईपर्यंत पाय सोलून निघाला. बायको औषध लावत होती आणि ते हवालदाराचा उद्धार करत होते. "त्या माणसासाठी मी आयुष्यभर स्वतःचं हसं करून घेतलं. एकदा नाव घेतलं ना, तर सगळा ताठा उतरेल."

"मग घ्या," बायको म्हणाली.

"घेणारच आहे."

"मी कुठे नाही म्हणतेय?"

सोमवारी दोघं गेले. लांबलचक व्हरांडा, भिंतीला लागून बाकं, आणि शेवटच्या दारावर पाटी. बायकोला आत सोडलं नाही, ती बाकावर बसली. आत काचेच्या टेबलामागे तिघं होते. मधे अध्यक्ष, एकेकाळचे मोठे अधिकारी, पांढऱ्या केसांचे, बोलायला मऊ. एका बाजूला डॉक्टरबाई. दुसऱ्या बाजूला टाइप करणारा कारकून. टेबलावर निळ्या कापडाच्या उघड्या डबीत एक पदक ठेवलेलं होतं. ज्याचा दावा मंजूर होईल त्याला तिथल्या तिथे द्यायचं, अशी त्यांची पद्धत होती.

मास्तरांची नजर त्या डबीवरून हलेना. त्यांना ते पदक हवं होतं. लाज न बाळगता सांगायचं तर खूप हवं होतं.

डॉक्टरबाईंनी पाय बघायला मागितला. मास्तरांनी बूट-मोजा काढून पाय स्टुलावर ठेवला. बाईंनी पाय नीट फिरवून बघितला, जुन्या टाक्यांवरून बोट फिरवलं, आणि म्हणाल्या, "हा हिमदंश आहे. बूट चावला तर टाच जाते, घोटा जातो. अशी पाचही बोटं ओळीने जात नाहीत."

"ऐकलंत?" मास्तर अध्यक्षांना म्हणाले.

"ऐकलं," अध्यक्ष म्हणाले. "पण तुम्हीच तेव्हा बूट चावला म्हणून सांगितलंत. म्हणजे तेव्हा खोटं बोललात, का आज बोलताय?"

"तेव्हा. आणि दोन्ही वेळा पूर्ण शुद्धीवर होतो."

कारकुनाची बोटं थांबली. अध्यक्ष किंचित हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि समजावणीच्या सुरात बोलायला लागले. "मास्तर, नीट ऐका. तुम्हाला पदक द्यायची माझी इच्छा आहे. पण नियम असा आहे, की खोटी माहिती ज्याने स्वतःहून दिली त्याला पदक देता येत नाही. वरिष्ठाच्या सांगण्यावरून दिली असेल, तर देणाऱ्याकडे दोष जात नाही. तुमच्या तुकडीचा हवालदार हयात आहे, असं दिसतं. बूट चावला असं सांगायला त्यानेच सांगितलं, एवढं तुम्ही म्हणा. सही करा, आणि ही डबी घेऊन घरी जा."

"आणि त्यांचं काय होणार?"

"या वयात शिक्षा वगैरे काही नाही. फक्त नोंद होईल."

"कसली?"

"कर्तव्यात कसूर केली आणि लपवली, अशी."

"फक्त," मास्तर म्हणाले.

आता बघा गंमत. मास्तर घरून निघाले ते हवालदारावर दात खाऊनच. अजून कानांत त्याचं ते "मोठेपणा तू केलास" घुमत होतं. आणि इथे एक साधं 'हो' म्हणायचं होतं. तेवढ्यात पदक, तेवढ्यात मेहुण्याचं तोंड बंद, तेवढ्यात हवालदाराचा ताठा खलास. एका दगडात किती पक्षी म्हणावेत. फक्त ते 'हो' खोटं होतं. हवालदाराने काही सांगितलं नव्हतं.

"साहेब," मास्तर म्हणाले, "तो माणूस मला आवडत नाही. आठवड्यापूर्वीच त्याने मला घरी बसवून झापलंय. इस्त्री करता करता झापलंय. तुम्ही मला त्याच्याबद्दल वाटेल ते बोलायला सांगा, मी दिवसभर बोलीन."

"मग एवढं एकच सांगा. बूट चावला असं कोणाच्या सांगण्यावरून सांगितलंत?"

"बुटाच्या."

कारकून फिस्सकन हसला आणि त्याने तोंडावर हात ठेवला. अध्यक्षांचा चेहरा उतरला. "मास्तर, ही चेष्टेची जागा नाही."

"मी चेष्टा करत नाही. चेष्टा माझी झालीय. लिहून घ्या. मला कोणी सांगितलं नाही. माझं मी सांगितलं. रांगेत पहिला होतो, माझ्यामुळे बाकीचे बोलले. त्याने आम्हाला बूट काढू दिले नाहीत म्हणून सात माणसं चालत खाली आली, आणि तुमचा नियम त्या माणसाची फीत काढणार होता. त्या नियमाशी मी खोटं बोललो. आज तीच रांग लागली तर पुन्हा तेच बोलीन. एकदा मी त्याच्यासाठी खोटं बोललो. आता एका डबीसाठी त्याच्यावर खोटं घालू? तुम्ही घातलं असतंत?"

अध्यक्षांनी डबीचं झाकण हळूच लावलं. "मग मला हा दावा नामंजूर करावा लागेल. आणि तो पुन्हा उघडता येणार नाही."

"करा."

"या मग. बूट घाला."

"बूट घालत नाही," मास्तर म्हणाले. पाय स्टुलावर तसाच. "दावा पदकाचा नामंजूर झाला. पाय नामंजूर झालेला नाही. या बाई म्हणाल्या हिमदंश. नोंदीत अजून बूट आहे. ते बदला, मग मी उठतो."

"दावाच गेला तर नोंद कशी बदलणार?"

"ते तुम्ही बघा. मला घाई नाही. शिकाऊ माणसाला चढावर गाडी उभी करायला शिकवताना मी याहून जास्त वेळ बसलोय."

अध्यक्षांनी डॉक्टरबाईंकडे बघितलं. बाईंनी एव्हाना पेनचं टोपण काढलेलं होतं. "माझा तपासणीचा अहवाल वेगळा असतो," त्या म्हणाल्या. "तो जुन्या नोंदीला जोडता येतो. त्याला दाव्याची गरज नाही." आणि त्यांनी लिहिलं: कारण, हिमदंश. खाली सही केली, शिक्का मारला. मास्तरांनी ते दोनदा वाचून बघितलं, मगच मोजा घातला. डबीकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही. बघितलं असतं तर जड गेलं असतं, हे त्यांना माहीत होतं.

बाहेर आले तर बाकावर बायकोच्या शेजारी हवालदार बसलेला. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, हातात काठी, चढून आल्यामुळे धाप लागलेली. मास्तरांना बघताच तो काठीवर जोर देऊन उठला.

"थांब. मी आत जातो. साक्ष द्यायची राहिलीय."

"कसली साक्ष?"

"तुझ्या बायकोने नियम सांगितला मला. दारावरच्या शिपायाकडून काढलाय तिने. वरिष्ठाने सांगितलं असेल तर मिळतं म्हणे. मी सांगतो त्यांना, बूट चावला म्हणायला मीच सांगितलं होतं."

"तुम्ही सांगितलं नव्हतं."

"तू मला शिकवू नकोस. सांगितलं होतं म्हणजे सांगितलं होतं. एवढी वर्षं तुझ्या खोट्यावर जगलो, आता एक माझं असू दे."

हा म्हातारा तिसऱ्या मजल्यावरून उतरून, अख्खं शहर ओलांडून, स्वतःच्या नावाला स्वतः काळं फासायला आला होता. आणि त्या दाराआड तेवढं एक वाक्य बोलायला त्याला मिनिटभरही लागलं नसतं. मास्तर सरळ दारासमोर जाऊन उभे राहिले.

"कशाला जाताय? काम झालं. मिळालं पदक."

हवालदाराने त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "कुठाय?"

"पोस्टाने येणार आहे. पॉलिश करायला गेलंय."

"माझं नाव विचारलं?"

"तुमचं नाव कोण विचारतंय? तुम्हाला काय वाटतं, सगळं जग तुमच्याभोवती फिरतं? पायाचं विचारलं, पायाचं सांगितलं. आत जाऊ नका. घरी जा. रिक्षा करून देतो."

हवालदाराने काठी दुसऱ्या हातात घेतली. मग "बरं" म्हणाला आणि जिन्याकडे वळला. मास्तरांनी त्याला हाताला धरून खाली नेलं, रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याला गाडी सावकाश चालवण्याबद्दल सुनावलं. रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत दोघं नवराबायको फुटपाथवर उभे होते.

बसमध्ये जागा मिळाल्यावर बायको म्हणाली, "नाही मिळालं ना?"

"नाही."

"कळलंच. तुम्हाला खोटं कुठे बोलता येतं?"

"त्यांना पटलं की."

"त्यांना?" बायको म्हणाली. "त्यांना माझ्याआधी कळलं. पोस्टाचं बोललात तेव्हाच त्यांनी डोळे मिटून घेतले. पॉलिश म्हटल्यावर तर मलाच हसू यायला लागलं होतं."

"मग आत का नाही गेले?"

"तुम्ही जाऊ नका म्हणालात म्हणून."

त्या माणसाने आयुष्यात कधी कोणाचं ऐकलं नव्हतं. वरच्या साहेबांचंसुद्धा तो अर्धंच ऐकायचा. आज त्याने ऐकलं होतं, आणि तेही एका साध्या जवानाचं. मास्तरांचे डोळे भरून आले. खिडकीकडे तोंड फिरवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. भरलेल्या बसमध्ये, बायकोचा हात धरून, जो कोणी वळून बघेल त्याच्यावर डोळे वटारत क्लच मास्तर रडत राहिले.